रक्तातील कॉर्टिसोल वाढलेले आहे, मग बाबांचे नैराश्य हा केवळ हार्मोनचा आजार समजायचा का?

उन्हाळी सावली (प्रश्न)

नमस्कार. माझे वडील ६३ वर्षांचे आहेत. ते शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि आम्ही नागपूरला महाल भागात राहतो. दिवाळीनंतर त्यांचे बोलणे हळूहळू कमी होत गेले. आता ते रोज पहाटे तीन-साडेतीनला जागे होतात आणि उजाडेपर्यंत पलंगाच्या कडेला नुसते बसून राहतात. सकाळी त्यांच्याकडे पाहवत नाही. आंघोळीला उठवण्यासाठीसुद्धा अर्धा तास समजूत घालावी लागते. संध्याकाळी मात्र ते थोडे बरे असतात, दोन घास जास्त खातात, नातवाशी चार शब्द बोलतात. चार महिन्यांत त्यांचे वजन ९ किलोने उतरले आहे. नोकरीत असताना एका विद्यार्थ्याला त्यांनी परीक्षेला बसू दिले नव्हते, या वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या गोष्टीवरून ते स्वतःला दोष देत राहतात, आणि काही विचारले की एवढेच म्हणतात, "माह्याच्यानं आता काही होत नाही."

तीन आठवड्यांपूर्वी आम्ही त्यांना धंतोलीतील एका मनोविकारतज्ज्ञांना दाखवले. त्यांनी तीव्र नैराश्याचे निदान करून गोळ्या सुरू केल्या. त्यानंतर काकांच्या आग्रहावरून आम्ही संपूर्ण शरीर तपासणीचे एक पॅकेज केले. त्यात सकाळी आठ वाजता घेतलेल्या रक्तात कॉर्टिसोल २३.६ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर आले. अहवालावर छापलेली मर्यादा ६.२ ते १९.४ अशी आहे. काकांचे म्हणणे असे की हा मनाचा आजार नसून तणावाच्या हार्मोनचा आहे, तेव्हा मनोविकाराच्या गोळ्या थांबवून कॉर्टिसोल कमी करणारे अश्वगंधाचे कॅप्सूल द्यावे. ते बाबांच्या भल्यासाठीच बोलत आहेत, याबद्दल मला शंका नाही.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हा वाढलेला आकडा बाबांच्या नैराश्याचे कारण आहे की परिणाम? तो कमी केला तर नैराश्य जाईल का? आणि कॉर्टिसोल फार दिवस वाढलेले राहिल्यास मेंदूला कायमची इजा होते असे मी वाचले, ते खरे आहे का?

एक मनोविकारतज्ज्ञ, नागपूर

ताई, तुमच्या प्रश्नांआधी मला एक विचारायचे आहे, आणि ते बाबांनाही सरळ शब्दांत विचारावे अशी विनंती आहे. जगणे नकोसे झाले आहे, आपण संपून जावे, असे त्यांच्या मनात येते का? असे विचारल्याने तो विचार त्यांच्या डोक्यात भरवला जात नाही. उलट अनेक रुग्णांना कोणीतरी विचारले याने हायसे वाटते. उत्तर होकारार्थी असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, त्यांना एकटे सोडू नका, आणि घरातील झोपेच्या गोळ्या तसेच शेतीच्या फवारणीचे औषध कुलुपात ठेवा. रात्री-अपरात्री गरज पडल्यास १४४१६ या टेली मानस क्रमांकावर मराठीतही बोलता येते. तुम्ही वर्णन केलेली पहाटेची जाग, सकाळी सर्वाधिक जडपणा, उतरलेले वजन आणि अवाजवी अपराधीपणा ही चार लक्षणे एकत्र दिसली की आम्ही हा प्रश्न कधीही टाळत नाही.

आता कॉर्टिसोलविषयी. संकट जाणवले की मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस सीआरएच नावाचा संदेशवाहक सोडतो, त्याने पिट्युटरी ग्रंथीतून एसीटीएच बाहेर पडते, आणि ते मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना कॉर्टिसोल तयार करायला लावते. कॉर्टिसोल रक्तातील साखर वाढवते, रक्तदाब सांभाळते, दाह आवरते. त्याच्याशिवाय माणूस जगू शकत नाही. म्हणून त्याला शत्रू समजणे मुळातच चुकीचे आहे. तणावाला शरीर एका ठरावीक साच्यात प्रतिसाद देते, ही कल्पना हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये मांडली. सीआरएचची नेमकी रासायनिक रचना मात्र वायली व्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्यांच्या हायपोथॅलॅमसमधून १९८१ मध्ये शोधून काढली.

ही साखळी थांबते कशी, हे समजले तर तुमच्या बाबांच्या आजाराचा एक धागा हाती लागतो. गच्चीवरील पाण्याच्या टाकीत फ्लोट असतो. पाणी वर चढले की तो उचलला जातो आणि नळ आपोआप बंद होतो. तसेच कॉर्टिसोल पुरेसे झाले की ते स्वतःच हिप्पोकॅम्पस (मेंदूतील स्मृतीशी संबंधित भाग), हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरीमधील ग्राहकांवर, म्हणजे पेशींवरील रिसेप्टरवर, बसून पुढचा पुरवठा थांबवते. तीव्र नैराश्याच्या अनेक रुग्णांमध्ये हा फ्लोट नीट काम करत नाही. टाकी भरलेली असते, पण ती भरल्याची जाणीव वरच्या केंद्रांना पुरेशी होत नाही, आणि ती संदेश पाठवतच राहतात. अशा रुग्णांच्या मेंदू-मज्जाद्रवात सीआरएचचे प्रमाण वाढलेले आढळते, हे चार्ल्स नेमरॉफ आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवले.

फ्लोट बिघडला आहे का हे तपासण्याची एक पद्धतही होती. रात्री अकराला १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन द्यायचे, जे कॉर्टिसोलसारखेच वागणारे औषध आहे, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चारला व रात्री अकराला रक्तातील कॉर्टिसोल मोजायचे. निरोगी माणसात ते दबते. बर्नार्ड कॅरोल यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मेलँकोलिया या गंभीर प्रकारच्या सुमारे दोन तृतीयांश रुग्णांमध्ये ते ५ मायक्रोग्रॅमच्या खाली दबले नाही. त्या काळी मानसोपचारालाही आपली रक्ततपासणी मिळाली असे अनेकांना वाटले होते. पुढे लक्षात आले की स्मृतिभ्रंश, दारू सोडतानाचा काळ, फार उतरलेले वजन आणि फिट्सवरील काही औषधे यांमध्येही ही तपासणी तशीच येते. उरलेल्या एक तृतीयांश रुग्णांचे नैराश्य तितकेच खरे असूनही ती काही दाखवत नव्हती. म्हणून निदानासाठी ती आज सहसा वापरली जात नाही. मला मात्र त्या कामाचे मोल कमी वाटत नाही, कारण हा आजार म्हणजे आळस किंवा मनाचा कमकुवतपणा आहे असे म्हणणाऱ्याला दाखवता येईल असा शारीरिक पुरावा त्याने दिला.

कारण की परिणाम, या तुमच्या प्रश्नाला दोन्हीकडून उत्तर आहे. दुसऱ्या कारणाने कॉर्टिसोल वाढले तर मन बिघडू शकते, हे निश्चित. हार्वे कुशिंग यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजारात ग्रंथीच्या गाठीमुळे कॉर्टिसोल वाढते आणि जवळजवळ निम्म्या रुग्णांना नैराश्य येते. गाठ काढल्यावर अनेकांचे मन सावरते. कॉर्टिसोलसारखेच काम करणाऱ्या स्टिरॉइडच्या मोठ्या मात्रेने झोप, राग आणि मनःस्थिती बिघडलेली माणसे कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर आपल्याच शहरात आम्ही पाहिली आहेत. उलट दिशेनेही हे घडते. झोप मोडली, भूक मेली, वजन घटले की तेवढ्यानेच कॉर्टिसोल वाढते. ९ किलो वजन गमावलेल्या आणि रोज पहाटे तीनला जागे होणाऱ्या माणसाचा आकडा २३.६ आला, याचे मला आश्चर्य वाटत नाही. शिवाय नैराश्याचा प्रत्येक प्रकार असा नसतो. ज्यात माणूस फार झोपतो आणि फार खातो त्या प्रकारात ही साखळी साधारण किंवा मंदावलेली आढळू शकते.

गोळ्या थांबवू नका. तीन आठवडे ही फार लहान मुदत आहे. पुरेशी मात्रा चार ते सहा आठवडे दिल्याशिवाय औषध लागू पडले की नाही हे ठरवता येत नाही. कॅप्सूलही बाबांच्या डॉक्टरांना न विचारता सुरू करू नका. अश्वगंधाने कॉर्टिसोल थोडे उतरल्याचे काही लहान अभ्यास आहेत, पण ते मुख्यतः सामान्य तणाव असलेल्या लोकांवरचे आहेत, बाबांसारख्या रुग्णांवरचे नाहीत. त्याने यकृताला इजा झाल्याची उदाहरणे नोंदवली गेली आहेत, थायरॉइडचे प्रमाण बदलू शकते, आणि झोपेच्या गोळीबरोबर गुंगी वाढू शकते.

नमुना संकलन

मी एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत बरीच वर्षे काम करतो. वरील डॉक्टरांनी आजाराविषयी सांगितले. मी फक्त आकड्याविषयी सांगतो.

कॉर्टिसोल दिवसभर एका पातळीवर राहत नाही. मध्यरात्रीच्या सुमारास ते सर्वांत कमी असते, पहाटे चढू लागते आणि जाग आल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठते. म्हणजे सकाळी आठचा नमुना हा मुळात वरच्या पातळीचाच नमुना असतो. त्यात उपाशीपोटी स्कूटरवर बसून आलेला, रांगेत थांबलेला, सुईला घाबरणारा माणूस असेल तर त्या अर्ध्या तासात आकडा आणखी वर जाऊ शकतो. कुशिंगच्या आजाराची शंका असल्यास डॉक्टर रात्री उशिराची लाळ, २४ तासांची लघवी किंवा डेक्सामेथासोनची तपासणी मागवतात. सकाळच्या एका नमुन्यावरून कॉर्टिसोल जास्त असल्याचा आजार ठरवता येत नाही. पॅकेजमध्ये ही तपासणी कशासाठी घालतात हे मला आजवर समजलेले नाही. कुशिंगमध्ये पोट आणि चेहरा सुजल्यासारखा भरतो, पोटावर जांभळे पट्टे उमटतात, कातडी सहज काळीनिळी पडते आणि उकिडवे बसल्यावर उठता येत नाही. तुमच्या बाबांचे वजन उलट उतरले आहे.

एक गोष्ट मात्र नक्की तपासा. बाबा सांधेदुखीसाठी किंवा दम्यासाठी कुठल्या वैदूची, जत्रेतील दुकानाची किंवा ओळखीच्या माणसाने आणून दिलेली पुडी घेतात का? अशा बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेले आढळते. त्यात प्रेडनिसोलोन असेल तर आमचे यंत्र त्यालाच कॉर्टिसोल समजून आकडा खोटा वाढवू शकते. डेक्सामेथासोन असेल तर शरीराचे स्वतःचे कॉर्टिसोल दबते आणि आकडा कमी येतो. दोन्ही बाबतीत मन बिघडण्याचे कारण त्या पुडीतही असू शकते. पुडी सापडली तर ती अचानक बंद करू नका, कारण बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिल्याने शरीराची स्वतःची ग्रंथी सुस्तावलेली असते आणि एकदम थांबवल्यास रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

विदर्भवासी

माझ्या आईला सहा वर्षांपूर्वी असेच झाले होते, म्हणून लिहीत आहे. तीही पहाटे तीनला उठून स्वयंपाकघरात अंधारात उभी राहत असे. आम्ही दोन वर्षे फुकट घालवली. एकाने थायरॉइड सांगितले, दुसऱ्याने पित्त, तिसऱ्याने करणी. शेवटी ती पाणीसुद्धा गिळेनाशी झाली तेव्हा मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, दाखल केले आणि तेथे विजेचे उपचार, म्हणजे लोक ज्याला शॉक म्हणतात ते, दिले गेले. आम्ही फार घाबरलो होतो. प्रत्यक्षात भूल देऊन आणि स्नायू सैल करणारे औषध देऊन ते केले जाते, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भूल व स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाशिवाय ते करण्यास मनाई आहे. चौथ्या वेळेनंतर आईने स्वतःहून चहा मागितला. काही दिवसांच्या गोष्टी तिला आजही आठवत नाहीत, हेही मी प्रामाणिकपणे सांगते. हार्मोनचा आकडा आम्हाला कोणी कधी विचारला नाही.

ताई, काकांशी वाद घालू नका. त्यांना पुढच्या वेळी डॉक्टरांकडे बरोबर न्या. आमच्या मामांच्या बाबतीत तेच उपयोगी पडले.

उन्हाळी सावली

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर मी बाबांना तो प्रश्न विचारला. ते बराच वेळ गप्प होते आणि मग म्हणाले की सकाळी कधी कधी वाटते, संध्याकाळी वाटत नाही. मी त्याच वेळी डॉक्टरांना दूरध्वनी केला. त्यांनी आज सकाळी बोलावून घेतले, काकाही आले होते. गोळीची मात्रा वाढवली आहे, पुढची भेट चार दिवसांनी आहे, आणि तोवर रात्री बाबांच्या खोलीत भाऊ झोपणार आहे. गोळ्यांचा डबा आता माझ्या कपाटात असतो. पुडी वगैरे ते काही घेत नाहीत, पण दोन महिन्यांपूर्वी गुडघ्यात एक इंजेक्शन घेतले होते, ते स्टिरॉइडचे होते असे कागदावरून दिसते.

काकांनी डॉक्टरांना एक प्रश्न विचारला, तो मलाही पडला आहे. फ्लोट बिघडला आहे हे जर माहीत आहे, तर कॉर्टिसोलच अडवणारे औषध नैराश्यावर का देत नाहीत? डॉक्टरांकडे गर्दी होती, म्हणून येथे विचारते. आणि मेंदूच्या इजेचा प्रश्न राहून गेला आहे.

एक मनोविकारतज्ज्ञ, नागपूर

तुम्ही विचारलेत आणि लगेच कळवले, हे फार योग्य केले. बाबांचे उत्तर नीट ऐका: सकाळी वाटते, संध्याकाळी वाटत नाही. म्हणजे पहाटे तीन ते नऊ या वेळात त्यांच्याजवळ जागे माणूस असणे आवश्यक आहे. भाऊ खोलीत झोपणार असतील तर त्यांनी तीनचा गजर लावून ठेवावा.

काकांचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि संशोधकांनीही तो विचारला होता. तीन वाटांनी प्रयत्न झाले. पहिली वाट सीआरएचचा ग्राहक अडवण्याची. २००० साली म्युनिकमधील एका लहान अभ्यासात अशा औषधाने रुग्ण सुधारताना दिसले, पण त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. नंतर त्या जातीची औषधे खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या, गोळीशी तुलना करून तपासली तेव्हा नैराश्यात त्यांचा अपेक्षित फायदा सिद्ध झाला नाही. दुसरी वाट कॉर्टिसोलचे उत्पादनच कमी करण्याची. ब्रिटनमध्ये उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या दीडशेहून अधिक रुग्णांना नेहमीच्या औषधासोबत मेटिरापोन किंवा खोटी गोळी देऊन पाहिली, आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. तिसरी वाट मिफेप्रिस्टोनची. हे औषध बहुतेकांना गर्भपाताचे म्हणून माहीत आहे, पण ते कॉर्टिसोलचा ग्राहकही अडवते. नैराश्यासोबत भ्रम किंवा भास असणाऱ्या रुग्णांमध्ये सुरुवातीला त्याच्याबद्दल मोठी आशा होती. मोठ्या चाचण्यांमध्ये ते ठरवलेल्या कसोटीला उतरले नाही. २०१२ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती कुशिंगच्या रुग्णांमधील वाढलेल्या साखरेसाठी.

असे का झाले असावे, याबद्दल माझे मत सांगतो. या चाचण्यांमध्ये बहुधा सर्व प्रकारचे नैराश्य एकाच पिशवीत भरले गेले. ज्यांचा फ्लोट बिघडलेला होता आणि ज्यांचा नव्हता, असे दोघेही त्यात होते. शिवाय बिघाड कॉर्टिसोलच्या प्रमाणात जितका आहे तितकाच तो ओळखणाऱ्या ग्राहकांच्या संवेदनशीलतेत आहे. टाकीतील पाणी बादलीने उपसल्याने फ्लोट दुरुस्त होत नाही. उलट नेहमीची नैराश्यविरोधी औषधे आणि विजेचे उपचार लागू पडले की डेक्सामेथासोनची तपासणी अनेकदा पूर्ववत होते, आणि लक्षणे कमी होऊनही ती पूर्ववत झाली नाही तर आजार परतण्याचा धोका अधिक असतो असे आढळले आहे. म्हणून तुमचे डॉक्टर कॉर्टिसोलवर थेट उपचार करत नसले तरी जी गोळी देत आहेत ती त्याच साखळीपर्यंत दुसऱ्या वाटेने पोहोचते.

आता मेंदूविषयी. दीर्घकाळ नैराश्य असलेल्या रुग्णांच्या गटात हिप्पोकॅम्पसचा आकार सरासरीने थोडा लहान आढळतो. हे गटाचे निरीक्षण आहे. एका माणसाच्या एमआरआयवरून तसे काही सांगता येत नाही, तेव्हा त्यासाठी एमआरआय करायला जाऊ नका. 'कायमची इजा' हे शब्द मला योग्य वाटत नाहीत, कारण कुशिंगच्या रुग्णांचे कॉर्टिसोल उपचाराने खाली आल्यावर हा भाग पुन्हा काहीसा वाढलेला दिसला आहे, आणि विजेच्या उपचारांनंतरही तो वाढल्याचे दिसते. बाबांना सध्या नावे आठवत नसतील, वर्तमानपत्रातील एक परिच्छेद तीनदा वाचावा लागत असेल, तर तो आजाराचा भाग आहे, आणि बहुतेकांचे यातले बरेच काही परत येते. ते मुख्याध्यापक होते, त्यामुळे ही गोष्ट त्यांना सर्वांत जास्त खुपत असेल. त्यांना हे मुद्दाम सांगा, आणि सांगताना संध्याकाळची वेळ निवडा.

कॉर्टिसोल पुन्हा मोजण्याची गरज नाही. त्याऐवजी एक वही करा आणि रोज तीन नोंदी ठेवा: पहाटे जाग किती वाजता आली, दिवसभरात काय खाल्ले, आणि सकाळचा जडपणा किती वाजता उतरू लागला. औषध लागू पडू लागले की पुष्कळदा आधी झोप आणि भूक सुधारते, मन त्यानंतर. याच काळात एक सावधगिरी हवी: हालचाल आणि शक्ती मनाच्या आधी परत येते, म्हणून थोडे बरे दिसू लागले की पहारा सैल करू नका. चार दिवसांनी जाताना ती वही डॉक्टरांना दाखवा, आणि थायरॉइड व बी-१२ झाले नसेल तर तेही विचारा.

नमुना संकलन

गुडघ्यातील इंजेक्शनबद्दल. त्यातील स्टिरॉइड थोडेफार रक्तात उतरते आणि काही आठवडे शरीराचे स्वतःचे कॉर्टिसोल दाबू शकते, म्हणजे त्याने आकडा कमी यायला हवा होता, जास्त नव्हे. शिवाय दोन महिने झाले आहेत. तरीही इंजेक्शनची तारीख आणि नाव डॉक्टरांना सांगा, विशेषतः दिवाळीनंतर अशी आणखी इंजेक्शने झाली असतील तर सर्वांची. त्या पॅकेजमध्ये थायरॉइड आणि बी-१२ बहुधा झालेलेच असेल. अहवालाचे दुसरे-तिसरे पान पाहा, म्हणजे बाबांना पुन्हा सुई टोचावी लागणार नाही.